दहानंतरची फुलं

मिल बंद पडली तेव्हा परदेशीपुऱ्याच्या कामगारवस्तीची सगळ्यात आधी गेली ती वेळ. पगार, रेशन, पोरांच्या शाळा हे सगळं नंतर. पहाटे साडेपाचचा भोंगा झाला की त्या वस्तीत चुली पेटायच्या, नळाशी बादल्या लागायच्या आणि विणाई खात्यातल्या दिनानाथांच्या यमुनाबाई परडी घेऊन दारातल्या जास्वंदीपाशी उभ्या राहायच्या. भोंग्याच्या आधी तोडलं तर फूल झोपेतलं, उशिरा तोडलं तर माशीने उष्टं केलेलं, अशी त्यांच्या सासूबाईंची शिकवण. देवाला द्यायचं फूल जागं झालेलं हवं, पण कुणी चाखलेलं नको. सव्वीस वर्षं यमुनाबाईंनी हा नेम एक दिवस चुकवला नाही.

मग एका सकाळी भोंगा वाजला नाही, आणि पुढे कधीच वाजला नाही. वर्षभर वाट पाहून नवराबायको चाळीतली खोली सोडून सुदामा नगरला आली. स्वस्ताईच्या काळात घेऊन ठेवलेला लहानसा प्लॉट तिथे होता, त्यावर दोन खोल्या आणि एक ओटा उभा राहिला. मुलगा पिथमपूरच्या नव्या कारखान्यात लागला होता आणि तिथेच खोली करून राहत होता. गल्ली अगदी टोकाची. नुसता मुरूम, चुन्याच्या रेघा, गुडघ्याएवढी झाडं आणि डोक्यावरून गेलेल्या केबलच्या वायरी.

यमुनाबाई रडत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. भोंगा नसला तरी डोळा साडेपाचला उघडायचा. दोन वर्षांत त्यांनी कुंपणालगत अशी फुलं केली की बघणाऱ्याने थांबावं. दुहेरी जास्वंद, भरगच्च पाकळ्यांचे गुलाब, चेंडूएवढा झेंडू, तगर, मोगरा. सहाच्या ठोक्याला शेजारच्या बायका परड्या घेऊन यायच्या आणि सातच्या आत बाग रिकामी व्हायची. गल्लीतल्या आठ घरचे देव यमुनाबाईंच्या फुलांवर होते, आणि त्याचा त्यांना मनातून अभिमान होता.

त्यांच्या घराला लागून एक मोकळा प्लॉट होता. तो समोरच्या घरातल्या दौलतरावांचा. दौलतराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. मुलगी अमिता लग्नाची, मुलगा बेंगळुरूला कॉम्प्युटरच्या नोकरीत, त्याच्यासाठी ही जागा राखलेली. तोवर यमुनाबाई तिथे मेथी, मुळा, कोथिंबीर करत. एका संक्रांतीला दौलतराव तिळगुळाला आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "वहिनी, तो प्लॉट आता खाली करावा लागेल बरं का."

"का? अनुश्रीचे बाबा घर बांधताहेत?" यमुनाबाईंनी त्यांच्या नातीच्या नावाने मुलाची चौकशी केली.

"तो कसला बांधतोय. तो आपला उदयसिंह, गिट्टी-रेतीवाला, खडी आणि वाळू विकणारा. म्हणतो, बाबूजी, जागा द्या, माल टाकायला जागा पुरेना. सगळीकडे बांधकामं निघाली आहेत ना आता. नवा जमाना आहे, वहिनी."

"मी तिथे कद्दूची आळी करणार होते."

"अहो, कद्दू काय, बाजारात मिळतो की."

दिनानाथ बाजूला बसून दोघांच्या ओठांकडे बघत होते. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्याने त्यांना कानाने फार थोडं ऐकू येई, पण त्या खात्यातले सगळेच लोक ओठ वाचत आणि हाताच्या खुणांनी बोलत, त्यामुळे त्यांचं काही अडत नसे.

यमुनाबाईंनी तिळगुळाची वाटी पुढे सरकवली. "आखातीजला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, अमिताचं लग्न आहे ना? पंगत किती जणांची?"

"चारशे तर पक्के समजा."

"आणि कद्दू-पुरी असेलच."

"मालव्यातलं लग्न आणि कद्दू-पुरी नाही? काहीही काय बोलता."

"मग त्या पंगतीचा सगळा कद्दू तुमच्याच प्लॉटमधून येईल. मंडीतून एक फोडसुद्धा आणायची नाही. आला, तर तुमचा मुलगा घर बांधेपर्यंत प्लॉट माझ्याकडे. नाही आला, तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उदयसिंहाचा ट्रक मी स्वतः हात दाखवून आत घेईन."

दौलतराव मिशीत हसले. "क्या बात है. लिहून देऊ का?"

"लिहायचं कशाला? माझा तिळगूळ आहे तुमच्या तोंडात."

ते गेल्यावर दिनानाथ आवाज न काढता नुसते ओठ हलवून म्हणाले, फार बोललीस. यमुनाबाई तशाच ओठांनी म्हणाल्या, बघाल. कद्दू हा त्यांचा हातचा विषय होता. पुण्याकडचे पाहुणे आले की त्याला लाल भोपळा म्हणतात हे सांगावं लागे, पण कसा लावतात हे यमुनाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. चाळीच्या पत्र्यावर त्यांनी वर्षानुवर्षं कद्दू चढवला होता. वेलाखाली नुसती वाळू असली तरी फळ लागायचं.

हवेने मात्र त्या वर्षी ठाव लागू दिला नाही. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा. दोन दिवस कडक ऊन, तिसऱ्या दिवशी ढग, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना मावठा, म्हणजे हिवाळ्यातला अवकाळी पाऊस. यमुनाबाईंनी त्यावर आपली तोड काढली. खोल आळी बुजवून मातीचे उंचवटे केले, म्हणजे अचानक पाऊस आला तरी मुळाशी पाणी साचू नये. रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणली. ऊन तापलं की ती बुडाशी पसरायची आणि ढग उतरले की बाजूला ओढायची, म्हणजे माती कुजत नाही. दिवसातून दोनदा चिपाडं पसरणं आणि गोळा करणं चाले. दौलतराव समोरून बघत आणि म्हणत, "वहिनी, वेलांना गादी घालताय की काय?"

"घालतेय. तुमच्या जावयाच्या पंगतीला बसायचंय त्यांना."

वेल पोसले. महाशिवरात्रीच्या दहा-बारा दिवस आधीच ताटाएवढी पानं आणि पिवळी धमक फुलं. काही फुलांच्या खाली बोराएवढी हिरवी गाठ दिसू लागली, म्हणजे ती फळाची फुलं. यमुनाबाईंनी बोटांवर हिशेब केला. फळ धरल्यापासून पिकायला चाळीस दिवस. रंगपंचमीपासून आखातीजपर्यंत त्रेचाळीस. हलवाई म्हणाला होता, चांगले मोठे पंधरा लागतील. रंगपंचमीपर्यंत पंधरा फळं धरली की झालं.

पण धरेनात. गाठ बोराची लिंबाएवढी होई, मग टोकाकडून पिवळी पडे आणि हात लावताच गळून येई. एक गेली, चार गेल्या, आठवड्याभरात अकरा गेल्या. यमुनाबाईंनी शेणखत वाढवलं, राख टाकली, पाणी कमी केलं, पाणी जास्त केलं. काही उपयोग नाही.

दिनानाथांनी वर्तमानपत्राच्या शेतीच्या पानात वाचलं की नर फूल तोडून त्याची दांडी फळाच्या फुलात हलकेच टेकवायची. तीस वर्षं तुटलेला धागा चिमटीत पकडून सांधलेली त्यांची बोटं; त्यांनी दोन सकाळी हे काम केलं. कद्दूचं फूल उजाडता उघडतं आणि नऊपर्यंत मिटतं, तेवढ्यात घाई. पहिल्या दिवशी हवा स्वच्छ होती, त्या दिवसाची दोन फळं धरली. दुसऱ्या दिवशी पहाटे भुरभुर झाली, पराग भिजून पिठाच्या गोळीसारखा झाला, आणि सगळं वाया गेलं. तिसऱ्या दिवशी त्यांची कंबर धरली.

"मला विणकर ठेव," ओट्यावर आडवे होत ते म्हणाले. "माशी नको बनवू."

त्याच सकाळी हातोदहून भाजी घेऊन येणाऱ्या जनाबाईने दारात टोपली उतरवली. चहाचा कप हातात घेऊन ती वेलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "यमुनाबई, पानं तर हत्तीच्या कानासारखी केलीस. पण इथे इतकं सुनं-सुनं का वाटतं गं?"

"सुनं म्हणजे?"

"आवाजच नाही. आमच्या वाडीत सकाळी नुसती भणभण. इथे मला माझ्या चहाचा घोट ऐकू येतोय."

यमुनाबाईंनी कान दिला. खरंच काही नव्हतं. लांब कुणाच्या तरी टीव्हीवर भजन लागलं होतं, तेवढंच. त्यांच्या डोक्यात चाळीतला पत्रा आला. मिलच्या मागचा रेल्वेचा फाटा, तिथली बाभळी-बोरी, कडुलिंब, आणि पाण्याच्या टाकीखाली लटकणारं हातभर लांबीचं पोळं. तिथे माशी यावी म्हणून त्यांना कधी काही करावंच लागलं नव्हतं. इथे माशीने यावं कशासाठी, हे मात्र त्यांना अजून उमगलं नाही. दारात एवढी फुलं असताना ती येत नाही, याचा त्यांना उलट रागच आला.

दोन दिवसांनी देवासहून निरोप आला. दिनानाथांच्या नात्यातले लांबचे एक काका गेले होते. तीन दिवसांचं सुतक लागलं. सुतकात पूजा नाही, म्हणून फूल तोडणं नाही. शेजारच्या बायकाही सुतकातल्या घरचं फूल नेईनात. मंगलाताई कुंपणापाशी आल्या, रिकामी परडी मागे धरून म्हणाल्या, "वहिनी, मग तीन दिवस बघते मी कुठून तरी," आणि निघून गेल्या. तुळशीलाही हात लावायचा नव्हता. एरवी यमुनाबाई दर दोन दिवसांनी तिच्या मंजिऱ्या खुडून टाकत, म्हणजे झाड भरदार राहतं. कोथिंबीर उन्हाने फुलावर आली होती, ती उपटून वाफा साफ करायचा होता. तेही देवासला जाण्यायेण्यात राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्या ओट्यावर नुसत्या बसल्या होत्या. हाताला काम नाही अशी सकाळ त्यांच्या आयुष्यात क्वचितच आलेली. आणि त्यांना ऐकू आलं. अगदी बारीक, कुणी दोन घरं सोडून शिवणयंत्र चालवावं तसं. त्या उठून गेल्या. तुळशीच्या मंजिऱ्यांवर लहान लहान फुलोरी मधमाशा, आठ-दहा तरी. कोथिंबिरीच्या पांढऱ्या तुऱ्यांवर त्याहून जास्त. ज्या गुलाबांची त्यांना एवढी शान होती त्यांच्याकडे एकही फिरकत नव्हती. पाकळ्यांच्या त्या गर्दीत शिरायला वाटच नव्हती. झेंडूच्या चेंडूवर एक बसली, फिरली आणि निराश झाल्यासारखी उडाली. कोथिंबिरीवरून उठलेल्या दोन मात्र सरळ कद्दूच्या फुलात उतरल्या आणि अंगभर पिवळ्या होऊन बाहेर आल्या.

यमुनाबाई तिथेच कुंपणाला टेकून उभ्या राहिल्या.

चौथ्या दिवशी सुतक फिटलं. साडेपाचला डोळा उघडला, परडी हातात आली, बायका आल्या, सातच्या आत बाग रिकामी. मंजिऱ्या देवाच्या पायाशी गेल्या. आठ वाजता यमुनाबाई मुद्दाम ओट्यावर बसल्या. दोन-चार माशा आल्या, तुळशीभोवती घिरट्या घालून गेल्या, आणि बाग पुन्हा मुकी झाली. दोन दिवसांनी पाहिलं, तर सुतकातल्या सकाळची तीन फळं तग धरून होती. चौथ्या सकाळचं एकही नाही.

त्या आत गेल्या आणि दिनानाथांसमोर उभ्या राहून, त्यांना ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाल्या, "इतकी वर्षं मी देवाला जेवू घालायचं म्हणून दुसऱ्याचं ताट उचलत होते."

"कुणाचं?"

"माशीचं."

दुसऱ्या दिवशी सहाला बायका आल्या तेव्हा फाटकाला कडी होती आणि यमुनाबाई आत खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"आजपासून फुलं दहानंतर," त्या म्हणाल्या. "रंगपंचमीपर्यंत तर नक्कीच. तोवर फूल झाडावर राहील."

मंगलाताई शाळामास्तरांच्या पत्नी, गल्लीत शास्त्र त्यांचं चाले. "दहानंतर? वहिनी, देवाला काय ऑफिसला जायचंय दहाला? आमच्याकडे साडेसातला पूजा होते."

"मग साडेसातला तुळशीचं पान वाहा. फूल नंतर."

"आणि तोवर त्यावर माशा बसतील त्याचं काय? माशीचं उष्टं फूल देवाला घालायचं? तुमच्या सासूबाई असत्या तर त्यांनी घातलं असतं?"

हा घाव वर्मी होता. सासूबाईंचं वाक्य यमुनाबाईंनीच गल्लीला शिकवलं होतं. मागच्या दोघीतिघी आता ही काय म्हणते म्हणून बघू लागल्या. यमुनाबाईंनी मांडीवरचा पदर सारखा केला.

"मंगलाताई, सत्यनारायणाला पंचामृत करता ना?"

"करते की. म्हणजे काय."

"त्यात मध घालता?"

"घालतेच. त्याशिवाय पंचामृत कसं होईल?"

"मग तो मध कुणाचा उष्टा असतो?"

मागे कुणीतरी हसून पदर तोंडाशी नेला. मंगलाताईंनी परडी या हातातून त्या हातात घेतली. "तुमच्याशी बोलण्यात कोण जिंकणार," त्या म्हणाल्या, पण पाय निघेना.

"जिंकायचं नाहीये हो. मला मदत हवी आहे," यमुनाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "एकट्या माझ्या कुंपणाने भागणार नाही. माशीला अख्खी गल्ली जेवायला लागते. तुमच्या दारच्या तुळशीच्या मंजिऱ्या पंधरा दिवस खुडू नका. मुळा फुलावर आला असेल तर उपटू नका. दारात पसरट ताटलीत पाणी ठेवा आणि त्यात खडे टाका, म्हणजे माशी बुडत नाही. आखातीजला पंगतीत कद्दू वाढतील तेव्हा म्हणा, यात आमच्या तुळशीचा वाटा आहे. आणि माझा प्लॉट गिट्टीखाली गेला, तर हे कुंपणही आज ना उद्या धुळीने मरेल. मग तुमच्या साडेसातच्या देवाला मी काय देऊ?"

मंगलाताई रिकामी परडी घेऊन घरी गेल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या तुळशीला मंजिऱ्या तशाच होत्या, आणि फाटकाशी पितळी ताटलीत पाणी होतं. खड्यांऐवजी त्यांनी शिंपले ठेवले होते. मास्तरांनी कधीतरी सहलीला जाऊन आणलेले.

जनाबाईने हातोदहून एका टोपलीत मुळासकट फुलावर आलेली बडीशेप आणि डेंगळे आलेले कांदे आणले. "हे बाजारात कुणी घेत नाही," ती म्हणाली. "तुझे पाव्हणे घेतील." ते यमुनाबाईंनी जुन्या डब्यांत लावून वेलांच्या मध्ये ठेवले, आणि डबे दिवसभर ऊन जाईल तसे सरकवत राहिल्या. ढगाळ सकाळी त्यांच्या ध्यानात आलं की माशी पावसाला घाबरते पण ढगाला नाही. दोन सरींच्या मध्ये घटकाभर उजेड झाला की ती येतेच. फक्त तेवढ्यात तिला जवळच काहीतरी सापडायला हवं, लांब हिंडायला तिला वेळ नसतो.

पाचव्या दिवशी सकाळी दिनानाथ प्लॉटच्या पलीकडच्या टोकाला उभे होते. यमुनाबाई अलीकडे चिपाडं ओढत होत्या. त्यांनी मान वर केली तेव्हा दिनानाथांनी हात उचलला आणि पंजा झरझर इकडून तिकडे, तिकडून इकडे नेला. विणाई खात्यातली ती खूण होती. धोटा धावतोय, माग चालू झाला. मिल बंद झाल्यापासून ही खूण त्यांनी केली नव्हती. यमुनाबाई जवळ गेल्या. पलीकडच्या वेलावर एकेका फुलात दोन-दोन माशा होत्या.

"आवाज कसा आहे?" दिनानाथांनी विचारलं.

यमुनाबाईंनी जरा विचार केला. "आपल्या खोलीतून तुमचं खातं ऐकू यायचं ना, तसा."

ते मान डोलवत पुढच्या वेलाकडे वळले.

होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हवा अशी तापली की ओट्यावर पाय ठेववेना. चारच्या सुमाराला राऊ गावाच्या बाजूने काळं आभाळ उठलं. वारा सुटला आणि यमुनाबाईंनी आकाशाचा रंग पाहिला. करडा नव्हे, जरासा हिरवट. गारा. वेलांवर नऊ फळं धरलेली, सगळ्यांत मोठं नारळाएवढं. कोवळ्या सालीवर गार बसली की तिथून ते कुजणार. बडीशेप आणि कांद्याचे डेंगळे तर काडीसारखे मोडणार. त्यांनी घरातल्या दोन चादरी आणि एक जुनं लुगडं आणलं. ते अर्ध्या वेलांनाही पुरेना.

तेवढ्यात दिनानाथ आतून आले. त्यांच्या खांद्यावर मांजरपाटाचा अख्खा ठाण होता. मिल बंद होण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्याच मागावर निघालेलं कापड. ते ट्रंकेच्या तळाशी होतं आणि त्याला कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. मुलाने एकदा उशांना अभ्रे शिवायचे म्हटलं तर दोन दिवस ते त्याच्याशी बोलले नव्हते. यमुनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ठाणाचं एक टोक बायकोच्या हातात दिलं आणि उलगडत उलगडत मागे गेले. सगळा प्लॉट लांबीने झाकला गेला, मग दुमडून पुन्हा एकदा. टोकं विटांनी दाबली, मध्ये तुरीच्या काड्या उभ्या करून कापड उचललं. मंगलाताई पळत आल्या आणि कुणी न सांगता एका कोपऱ्यावर पाय देऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर त्यांनी पितळी ताटली धरली होती.

गारा दहा मिनिटं पडल्या. मंगलाताईंच्या ताटलीवर त्या अशा वाजत होत्या की दिनानाथांनाही ऐकू आल्या. कापडाला तीन ठिकाणी भोकं पडली. दोन फळं गेली; सात राहिली. गुलाब आणि झेंडू कुंपणालगत उघडे होते, त्यांचा चिखल झाला. बडीशेप उभी होती.

दुसऱ्या सकाळी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. यमुनाबाईंनी कापड काढून तारेवर वाळत घातलं. साडेसातला बडीशेपेवर पहिली माशी आली. गल्लीत दुसरं फूल जवळजवळ उरलंच नव्हतं, त्यामुळे त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस जितक्या माशा आल्या त्या सगळ्या यमुनाबाईंकडेच आल्या. रंगपंचमीला गावभर गुलाल उडाला तेव्हा त्या वेलांमध्ये वाकून एकेक पान उचलत होत्या. मुठीएवढी, लिंबाएवढी, नारळाएवढी, हिरवीगार, टोकाला पिवळेपणाचा डाग नसलेली. सोळा.

"एक जास्तीचं आहे," त्या दिनानाथांना म्हणाल्या.

"ते मंगलाताईंचं," दिनानाथ म्हणाले.

लग्नाच्या आदल्या दिवशी हलवाई आला. त्याने फळं उचलून, ठोकून पाहिली आणि दौलतरावांना म्हणाला, "बाबूजी, माल एक नंबर आहे. मंडीत असा नाही मिळणार." पंगतीत दौलतराव स्वतः वाढपी झाले आणि कद्दूची बादली घेऊन दिनानाथांसमोर दोनदा आले. दिनानाथांनी पानावर हात आडवा धरला, तरी तिसऱ्यांदा वाढलं.

अमिता सासरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गल्लीत ट्रक आला. यमुनाबाई ओट्यावर होत्या. लग्न आणि पंगत झाली तरी दौलतरावांनी प्लॉटचा विषय एकदाही काढला नव्हता, आणि यमुनाबाईंनीही नाही. ट्रक प्लॉटसमोर थांबला. उदयसिंह खाली उतरला. समोरच्या घरातून दौलतराव बनियनवर बाहेर आले.

"भिया, सांगितलं होतं ना तुला, फोन करून ये म्हणून," ते म्हणाले. "इथे नाही. ही जागा लागलेली आहे."

"बाबूजी, इथे तर नुसते सुकलेले वेल आहेत."

"वेल सुकलेत. माणसं नाही सुकली. जा, मागच्या रस्त्याला बघ कुठे मिळते का."

उदयसिंहाने खांदे उडवले आणि ट्रक मागे घेतला. धूळ खाली बसेपर्यंत दौलतराव तिथेच उभे राहिले. मग घरात जाऊन आले, ते सदरा घालून आणि हातात परडी घेऊन.

"वहिनी, आज आमच्याकडे लग्नानंतरची सत्यनारायणाची पूजा आहे. मंगलाताईंनी भलीमोठी यादी दिली आहे. जरा चांगली फुलं द्या."

कुंपणाला नव्याने जास्वंद फुटली होती. या वेळी साधी, पाच पाकळ्यांची. मध्ये तुळशी, ओव्याची झुडपं, आणि नव्या वेलांसाठी केलेले मातीचे उंचवटे. कुठेतरी पहिली भणभण सुरू झाली होती.

"किती वाजलेत?" यमुनाबाईंनी विचारलं.

दौलतरावांनी घड्याळ पाहिलं. "सव्वासहा."

"मग बसा. चहा करते."

दौलतरावांनी परडी ओट्यावर ठेवली आणि दिनानाथांच्या शेजारी टेकले. "दहापर्यंत?" त्यांनी हळूच विचारलं.

दिनानाथांनी त्यांचे ओठ वाचले आणि मान हलवली. मग पंजा उचलून इकडून तिकडे, तिकडून इकडे नेला. दौलतरावांना त्या खुणेचा अर्थ कळला नाही, पण ते बसून राहिले.